‘अ व्हिस्कर अवे’ बघितला. मुगेनं केलं ते प्रेम म्हणायचं की चोरून ऐकणं?

बूथवाली (हर्णै)

सिनेमावर मी आजवर कधी काही लिहिलेलं नाही. माझं दुकान झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि सातबाऱ्याचं. पण लेकीनं परवा एक जपानी कार्टून दाखवलं (तिच्यासमोर कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं) आणि तेव्हापासून घशात काटा अडकल्यासारखं झालंय. कुणी बघितलं असेल तर बोला.

नाव ‘अ व्हिस्कर अवे’. नेटफ्लिक्सवर आहे. आमच्याकडे सध्या होड्या वर ओढलेल्या, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, संध्याकाळचा लिलाव नाही, म्हणून बंदरावर कुत्रंसुद्धा नाही. गिऱ्हाईक नाही आणि पाऊस थांबत नाही. अशा वेळी माणूस समोर येईल ते बघतो. सिनेमा तसा जुना, 2020 चा. जपानात 5 जूनला थिएटरात लागायचा होता, कोरोनामुळे राहिला आणि 18 जूनला नेटफ्लिक्सवर आला. ही तारीख वाचून मी लेकीला म्हटलं, अगं, 3 जूनला निसर्ग वादळ आपल्या डोक्यावरून गेलं. 18 तारखेला आपल्याकडे लाईट नव्हती, पडवीवर कौलं नव्हती आणि मागच्या वाडीतल्या पोफळी खराट्याच्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या होत्या. लोक मांजराचा सिनेमा बघत होते तेव्हा तुझे बाबा ताडपत्री शोधत दापोलीभर हिंडत होते.

असो. गोष्ट अशी. मियो सासाकी ही शाळकरी पोर. वर्गात तिला ‘मुगे’ म्हणतात, काहीतरी अगम्य, अचाट प्राणी अशा अर्थानं. आई सोडून गेलीय, वडिलांची होणारी बायको काओरू घरात राहायला आलीय आणि मुगे दोघांसमोर दिवसभर हसरा चेहरा लावून फिरते. शाळेत मात्र हिनोदे नावाच्या मुलामागे पुरती वेडी. ‘हिनोदे सनराइज’ अशी आरोळी ठोकत येते आणि त्याला ढुंगणानं ढकलते. (हो, बरोबर वाचलंत.) तो बिचारा मान खाली घालून चालू लागतो. पण तिच्याकडे एक मुखवटा आहे, जत्रेच्या रात्री मुखवटे विकणाऱ्या एका धिप्पाड मांजरानं दिलेला. तो लावला की ती होते छोटंसं पांढरं मांजर, आणि मग जाते थेट हिनोदेच्या घरी. तो तिला तारो म्हणतो. त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव. जे तो कुणाला सांगत नाही ते तारोला सांगतो. आजोबांचं कुंभारकाम बंद व्हायचंय, त्याला स्वतःला तेच करायचंय, पण आईनं त्याच्यासाठी मोठ्या शाळेचं ठरवलंय आणि तिच्यासमोर याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

लेक म्हणाली, किती गोड! मी रिमोटचं बटण दाबून सिनेमा थांबवला. म्हटलं, ही चोरून ऐकतेय.

“आई, ती मांजर आहे.”

“मांजराला कान असतात.”

आता माझं सांगते. 1995-96, मी दहावीत. काकांचा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटीडी बूथ होता. पिवळा बोर्ड, काळी अक्षरं, आत लाकडी केबिन, केबिनीच्या डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर. शाळा सुटली की संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचे. रात्री दर उतरायचा, म्हणून जेवणं उरकून लोक यायचे. त्यात एक आमच्याच वर्गातला मुलगा. त्याचे वडील मुंबईला. त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांचा पीपी नंबर होता. म्हणजे आधी फोन लावायचा, “जरा बोलवता का” म्हणायचं, ठेवून द्यायचा आणि दहा मिनिटांनी परत लावायचा. ती दहा मिनिटं तो बाहेरच्या बाकड्यावर बसायचा. माझ्यापासून चार हातांवर. एक शब्द बोलायचा नाही, चपलेच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघा मारत बसायचा. मी मात्र त्या दहा मिनिटांसाठी सकाळपासून केस नीट ठेवायचे.

केबिनचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि बंद व्हायचं नाही, चार बोटांची फट राहायची. त्या फटीतून मी सगळं ऐकलं. दहावी झाली की वडील त्याला मुंबईला नेणार होते. त्याला जायचं नव्हतं. त्याचे आजोबा होड्या बांधायचे, त्यांच्या हाताखाली राहायचं होतं. फोनवर मात्र नुसतं “हो... हो बाबा” म्हणायचा. रिसीव्हर ठेवून बाहेर आला की डोळे लाल. शाळेत कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.

काका मला दहादा म्हणाले असतील, दाराला रंधा मारून घे, म्हाताऱ्याला निरोप दे. म्हातारा म्हणजे त्याचेच आजोबा. मी निरोप दिला नाही. दिवाळी झाली, शिमगा आला, तरी दिला नाही.

आणि परीक्षेच्या आधी एक दिवस शाळेच्या नळावर मी त्याला म्हटलं, “तू मुंबईला जाऊ नकोस.” त्यानं माझ्याकडे बघितलं. ओंजळीतलं पाणी सांडलं. त्या दिवसापासून तो बूथवर यायचा बंद झाला. फोन करायला पाजपंढरीकडच्या दुसऱ्या बूथवर चालत जायचा, हे मला माहीत होतं. जूनमध्ये मुंबईला गेला.

सिनेमात हिनोदे शेवटी मुगेला म्हणतो, तू मला आवडतेस. लेकीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या काही पचनी पडलं नाही. त्याला कळलंय की आपण ज्या मांजराला पोटातलं सगळं सांगितलं ते मांजर म्हणजे हीच. राग नको यायला? मला शेवट खोटा वाटला. की माझ्या मनात खोट आहे म्हणून मला तसं दिसतंय?

दुसरं विचारायचं ते असं, की तो माणूस दरवर्षी गणपतीला गावी येतो. त्याला कधीतरी सांगावं का, की बाबा, मी ऐकत होते? तीस वर्षं झाली. यजमानांना विचारलं तर म्हणाले, आधी प्रिंटरची शाई आण.

चिकणमाती (रत्नागिरी)

ताई, आधी सिनेमाचं बोलतो, कारण त्या गावात मी खरोखर फिरलोय. नोकरीनिमित्त नागोयाला चार वर्षं होतो. सिनेमातलं गाव म्हणजे तिथून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावरचं तोकोनामे, समुद्रकाठचं कुंभारांचं गाव. जपानातल्या सहा सर्वांत जुन्या कुंभारगावांत त्याची गणना होते. एक चढण आहे तिथं, तिच्या एका अंगाला मातीचे जुने पाइप रचून भिंत केलीय आणि दुसऱ्या अंगाला दारूचे मातीचे बुधले. एके काळी हे गाव जपानभर सांडपाण्याचे पाइप पुरवायचं, त्यातले उरलेसुरले असे भिंतीत बसवले. आपल्याकडे फुटके नळे कुंपणाला लावतात तसंच, फक्त तिकडे लोक त्याचे फोटो काढायला लांबून येतात. आणि मांजरं! हात वर करून गिऱ्हाईक बोलावणारं ते चिनीमातीचं मांजर तोकोनामेत ढिगांनी बनतं. एका रस्त्याच्या भिंतीवर 39 कलाकारांनी केलेली 39 मांजरं आहेत. मुगे मांजर होते ती काही हवेतून नाही, त्या गावाच्या मातीतूनच होते.

जपानी नावाचा अर्थ साधारण असा, ‘रडू येतं तेव्हा मी मांजर पांघरते.’ ‘मांजर पांघरणं’ हा तिकडचा वाक्प्रचार आहे, खरा स्वभाव दडवून गरीब गाईसारखं वागणं. ते गाय नेसत नाहीत, मांजर नेसतात, एवढाच फरक. म्हणजे ताई, मुखवटा लावण्याआधीच मुगेनं मांजर पांघरलेलं आहे, घरात, काओरूसमोर. आणि हिनोदेनंही, आईसमोर. तुमचा तो “हो... हो बाबा” म्हणणारा पोरगाही त्यातलाच.

चोरीचं म्हणाल तर सिनेमा तिला अगदीच मोकळं सोडत नाही. मांजर होऊन जे कळलं ते माणूस म्हणून वापरायला गेली की प्रत्येक वेळी तोंडावर आपटते. त्याला धीर द्यायला पत्र लिहिते, ते वर्गातली पोरं हिसकावून मोठ्यानं वाचतात आणि हिनोदे सगळ्यांसमोर सांगतो की तू मला आवडत नाहीस. तुमच्या नळावरच्या प्रसंगाची ही सख्खी बहीण. त्यानंतर तर तिचा चेहराच गळून पडतो आणि ते मुखवटेवालं मांजर तो घेऊन जातं. मला वाटतं शिक्षा पुरेशी झाली.

तोकोनामेची लाल मातीची किटली मी येताना आणली होती. मातीत लोह भरपूर म्हणून तो रंग. नुसत्या पानांवर गरम पाणी ओतून दोन मिनिटं ठेवायची असते. आईनं पहिल्याच सकाळी त्यात दूध, साखर, गवती चहा घातला आणि थेट गॅसवर ठेवली. टक् असा एकच आवाज झाला. आता ती खिडकीत आहे, तिच्यात पुदिना लावलाय.

अकरावीतली (चिपळूण)

काकू, मी हा सिनेमा तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा रडले, तरी तुमच्या बाजूनं बोलणार.

एक तर ते ढुंगणानं ढकलणं. मुलगा-मुलगी उलट करून बघा ना. एखादा मुलगा रोज आरोळी ठोकत येऊन मुलीला तसा धक्का देतोय आणि ती नको नको म्हणतेय. आमच्या कॉलेजात असं झालं तर दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं जाईल. मुलीनं केलं की ती खोडकर आणि गोड. मला मुगे खूप आवडते, पण हे मला पटत नाही आणि माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या माझ्यावर चिडतात.

दुसरं म्हणजे ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दच मला घाबरवतो. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो पेपरात. ‘एकतर्फी प्रेमातून’ असं सुरू झालं की पुढे हल्ला असतो, कोयता असतो, ॲसिड असतं. नुसतं एकतर्फी प्रेम केलं आणि गप्प घरी गेली अशी बातमी कधी येत नाही ना. म्हणून आई मला विचारते, “तुझ्या मागे कुणी एकतर्फी नाही ना?” पण माझंच कुणावर एकतर्फी असेल हे तिच्या डोक्यातच येत नाही. (नाहीये. म्हणजे होतं. सातवीत.)

शेवट खोटा नाही वाटला मला, घाईचा वाटला. त्या मांजरांच्या बेटावर गेल्यावर सगळं इतकं भराभर होतं की हिनोदेला रागवायला वेळच मिळत नाही. घरी परत येऊन आठवडाभरानं तो रागावला असेल असं मी मनात धरलंय. जे सिनेमात नाही ते आपण धरायचं.

आणि काकू, त्यांना सांगू नका. सांगून तुम्हाला हलकं वाटेल, त्यांना काय मिळणार?

चिकणमाती (रत्नागिरी)

या मुलीचं खरं आहे. जपानीत त्याला ‘काताओमोई’ म्हणतात, ‘काता’ म्हणजे दोनातली एक बाजू, ‘ओमोई’ म्हणजे मनात असणं. बाकी काही नाही त्या शब्दात, ना हल्ला ना पोलीस. आपला शब्द कोर्टातल्या निकालासारखा वाटतो, एकतर्फी.

बूथवाली (हर्णै)

अकरावीतली, बाळा, शेवटचं वाक्य फार लागलं. लेकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बघ.

चिकणमाती, किटलीचं वाईट वाटलं, पण हसले. इथं पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत छपरावर हातचे नळे, म्हणजे हातानं केलेली कौलं, असलेलं एखादं घर तरी दिसायचं, आता मंगळुरी कौलंसुद्धा उतरवून पत्रे टाकतात. वादळानंतर तर सगळेच पत्रे. पाऊस पडला की घरात बोललेलं घरातल्यालाच ऐकू येत नाही. चोरून ऐकायची सोयच राहिली नाही म्हणा.

वेंगुर्ल्याचो म्हातारो

बाय गो, सिनेमा मी बघूक नाय, पण नातीन सगळी गोष्ट सांगल्यान.

आमच्या दशावतारात संकासूर असता. काळो झगो, तोंडार काळा. तो ब्रह्मदेवाचे वेद चोरता, म्हणजे तुझ्यासारखोच, दुसऱ्याचे शब्द घेवन पळता. मगे विष्णू येवन तेका मारता. पण गंमत काय, आख्ख्या रात्रीत लोकांका आवाडता तो संकासूरच. तो मालवणीत बोलता, कोणाचीय टर उडयता, कोणाक राग येणा नाय. कित्याक? तर तोंडार काळा असा म्हणान. माझो चुलतो संकासूर करी. सकाळी तोंड धुवन च्या पियाक बसलो की तोच माणूस बायकोसमोर मान वर करी नसे. तेका एकदा इचारलंय, काका, राती इतक्या बोलतास ता खय गेला? तर म्हणालो, “रे, ता माझा न्हय, ता काळ्या फडक्याचा.”

मुगेचाय तसाच. ता मुखवट्याचा. तुझ्याकडे मुखवटो नव्हतो, दार होता. दार फुगलेला तो पावसाचो दोष.

आणि आणखी एक सांगतंय. मांजर डोळे मिटून दूध पिता आणि तेका वाटता कोण बघणा नाय. तू इतकी वर्सा डोळे मिटून बसलंस. तेका म्हायत नव्हता ह्या तुका कोणी सांगल्यान? गणपतीत इलो की सरळ इचार.

पन्नास मांजरांची आई (अलिबाग)

पन्नास नाहीत, सात आहेत, नाव यजमानांनी ठेवलंय.

सगळे हिनोदे-मुगेवर बोलताहेत आणि किनाकोचं नाव कुणी काढलं नाही. या सिनेमातलं एकतर्फी प्रेम खरं तर तिचं आहे. किनाको म्हणजे काओरूची म्हातारी मांजर. तिला काओरूजवळ आणखी राहायचंय, पण मांजराचं आयुष्य केवढं! म्हणून मुगेनं टाकून दिलेला चेहरा ती घेते आणि मुगे होऊन त्या घरात वावरायला लागते. हेतू एकच, काओरूजवळ माणसाच्या आयुष्याइतकं राहायला मिळावं. आणि मग तिच्या लक्षात येतं की काओरू तर हरवलेल्या किनाकोसाठी रडतेय, दारोदार शोधतेय. समोर बसलेल्या मुलीच्या चेहऱ्याचं तिला काय होय. म्हणजे किनाकोवर प्रेम होतंच, फक्त ते घ्यायला किनाको तिथं नव्हती. मला हिनोदेच्या कबुलीनं काही झालं नाही, इथं मात्र पदर डोळ्याला लावला.

माझ्याकडे एक काळी बोकी होती. धक्क्यावरून कुणीतरी टाकलेली मांदेली आणायची आणि माझ्या उशीवर ठेवायची. तिच्या लेखी ती भेट. मी रोज तिला ओरडायचे आणि अभ्रा धुवायला टाकायचे. मेली त्यानंतर कितीतरी दिवस उशीला वास येतो का बघायचे.

बूथवाली, तुमच्या गोष्टीत मला तुम्ही मुगे वाटत नाही, किनाको वाटता. चेहरा दुसऱ्याचा घेऊन बसलात ते जाऊ दे, तो काय शोधत होता ते तरी माहीत आहे का तुम्हाला?

बूथवाली (हर्णै)

गौरीविसर्जन झालं, पाहुणे गेले, आता बसून लिहिते. वेंगुर्ल्याच्या आजोबांनी म्हटलं ते केलं. अकरावीतली, माफ कर.

तो तिसऱ्या दिवशी दुकानात आला. आईच्या रेशनकार्डाच्या आणि आधारच्या प्रती हव्या होत्या. केस बरेच गेलेत, चष्मा आलाय, ठाण्याला कसल्याशा कंपनीत सुपरवायझर आहे. मशीन तापेपर्यंत उभा राहिला आणि मागच्या कपाटाकडे बघून म्हणाला, “हे बूथच्या केबिनचं लाकूड ना?” काका वारल्यावर केबिन मोडून मी फळ्या केल्या होत्या. मी म्हटलं, हो. तर म्हणाला, “पंखा कधी चालला नाही त्यातला. घामानं रिसीव्हर निसटायचा.”

तेवढ्यात लाईट गेली. मशीन अर्ध्या पानावर थांबलं. आता तो जाऊ शकत नव्हता, आईचं आधारकार्ड आत अडकलेलं. गणपतीनंच केलं म्हणायचं.

मी सांगितलं. दाराची फट, न दिलेला निरोप, सगळं. मान खाली घालून आणि एका दमात, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं. मान वर केली तर तो हसत होता. तोंडावर हात धरून, आवाज न करता, खांदे हलवत.

“अगं, तू कसली चोरून ऐकतेस! सगळं बंदर ऐकायचं. मुंबईची लाईन ती, बोंब मारल्याशिवाय पलीकडे कळायचं नाही. मी फोन ठेवून बाहेर आलो की पानवाला विचारायचा, काय रे, बाबा काय म्हणतात? दुसऱ्या दिवशी आजोबांना लिलावात लोक सांगायचे, तुमचा नातू काल रडला.”

तीस वर्षं, मंडळी. तीस वर्षं मी एकटीच ऐकतेय असं समजत होते.

मी म्हटलं, मग नळावर मी बोलले तेव्हा तुझ्या हातातलं पाणी का सांडलं? त्यानं बराच विचार केला. नळ आठवला, शाळेमागचं उंडीचं झाड आठवलं. मी काही बोलले होते हे मात्र त्याला आठवेना. अगदी मनापासून आठवत होता हो, कपाळाला आठ्या घालून. नाहीच आठवलं.

शेवटी विचारलं, मग बूथवर यायचं बंद का केलंस?

आता तो ओशाळला. म्हणाला, “उधारी होती ना. बावीस रुपये. वडील मनीऑर्डर करतील तेव्हा देईन असं तुझ्या काकांना सांगितलं होतं. ते आले नाहीत, मग तोंड कुठून दाखवू? म्हणून तिकडे पाजपंढरीकडे जायचो, तिथं मामाच्या ओळखीवर चालायचं.”

लाईट आली. मशीननं उरलेलं अर्धं पान बाहेर टाकलं. प्रतींचे बारा रुपये झाले, ते त्यानं फोनवरून दिले आणि गेला. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाला, आजोबांनी रंधा मारला असता तर फुकट मारला असता, त्यांना तुझे काका आवडायचे.

त्या रात्री माळ्यावरून काकांच्या वह्या काढल्या. वाळवीनं दोन खाल्ल्यात, 95-96 ची शाबूत आहे. अक्षर माझंच. रोजच्या रोज मीच लिहायचे ना, तारीख, नंबर, पल्स, रक्कम. त्याच्या नावापुढे उधारीच्या रकमा मीच लिहिल्यात, एकेक करून, चांगल्या सुवाच्य अक्षरात. आणि त्याच वहीत मी त्याचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर शोधत होते हेही आठवतं. बेरीज केली. बावीस नाही, एकतीस रुपये चाळीस पैसे.

लेकीनं पानाचा फोटो काढला आणि माझ्या फोनवरून त्याला पाठवला, “काकांची वही सापडली” एवढंच लिहून. निळ्या टिका लगेच आल्या. त्याला आज नऊ दिवस झाले.

वेंगुर्ल्याचो म्हातारो

व्याज लाव गो तेका.

बूथवाली (हर्णै)

आजोबा, व्याज राहू दे, मुद्दल आली तरी पुरे.